थाळीचा उजेड

रावजींच्या काजूच्या बागेतून वाडीत कुणाला हाक पोचवायची तर कूक घालावी लागे. दोन्ही हात तोंडाशी धरून लांबवलेला तो 'कूऽऽ' पऱ्ह्याचं पाणी ओलांडून पलीकडच्या उतारावर जाई आणि तिकडून उलट कूक आली की समजायचं, हाक पोचली. रावजींच्या सुनेची, दीपालीची कूक वाडीत सगळ्यांत लांब जायची. पण जिला बोलवायचं तिला ती कधीच ऐकू गेली नाही. म्हणून दीपालीने थाळी ठेवली होती.

न्याहारीची ती स्टीलची थाळी ती उन्हात तिरकी धरी. उजेडाचा एक तुकडा उतारावरून, गडग्याच्या चिऱ्यांवरून, करवंदीच्या जाळ्यांवरून घसरत जाई आणि लेकीच्या, सानवीच्या अंगावर पडला की तिथेच थरथरत राही. सानवी वर बघे. मग गुरं तशीच टाकून धावत येई आणि अर्ध्या वाटेवरूनच हात उंच करून तळहात गालाजवळ आणी, मनगटातून दोनदा हलवी. थाळी हलते तसा. ही तिने आईसाठी आपणहून केलेली खूण होती. आजोबा म्हणजे ओठांवर दोन बोटं, बिडीची. बाप म्हणजे कानाशी मूठ, कारण सागर भिवंडीला कुरियरच्या गोदामात होता आणि वर्षातले गणपती-शिमगा सोडले तर तो फोनमध्येच असायचा.

पोरगी आठव्या वर्षात होती. कानाचं यंत्र मिळालं होतं, पण ते घातलं की ती डोकं धरून बसे. ते आता डब्यात होतं.

शिमग्याची पालखी देवळात परत गेली, मुंबईकर मुंबईला गेले, आणि त्याच आठवड्यात वाडीच्या शाळेतल्या गुरुप्रसाद सरांनी दीपालीला बोलावून घेतलं. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. सर पडवीत पोरांना गणितं घालून बसले होते.

"दीपालीताई, तुमची मुलगी फळ्यावरचं सुरेख उतरवते. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे."

दीपाली हसली. पण सर हसत नव्हते.

"काल मी फळ्यावर लिहिलं, 'सानवी, उभी राहा.' तिने ते झकास उतरवलं आणि बसून राहिली."

पडवीच्या खांबाला कुणीतरी चिकटवलेलं चिंचोक्याचं फूल दीपाली नखाने खरवडत राहिली.

"तिला तिच्यासारख्यांच्या शाळेत घाला. रत्नागिरीला आहे. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं."

"ऱ्हायचा? तिकडं?"

"मग रोज कशी जाणार?"

"तुमची एक पोर कमी व्हईल, सर. मंग शाळा बंद करतील."

"करतील तर करतील. माझी शाळा वाचवायला तुमची मुलगी अशी बसवून ठेवू?" सर उठले, एका पोराच्या पाटीवर टिचकी मारली, "सात नाही, नऊ," म्हणाले आणि परत आले. "जागा थोड्या असतात. कसं काय करायचं ते मला विचारू नका, मी ऐकलेलं सांगेन. सावर्ड्याला यमुनाबाई आहे, सुकी मासळी विकते. तिचा मुलगा त्याच शाळेत शिकला. तिला विचारून या."

रावजींनी दुपारी बागेत ही गोष्ट ऐकली. ते आणि सून समोरासमोर बसून काजूची बोंडवं पिळून बिया काढत होते. दोघांच्या बोटांची कातडी चिकाने सोलवटली होती.

"घरातला तिला समजता, बागेतला समजता, गुरां तिच्या धाकात," रावजी म्हणाले. "आनखी कुणाशी बोलायचा हाय तिला? कलेक्टरशी?"

"मामानू, तुमी-आमी किती पुरणार?"

"पुरू तेवढा पुरू." त्यांनी बी टोपलीत टाकली. ती टोपलीत न पडता बाहेर पडली. ती त्यांनी उचलली नाही.

सागरला फोनवर सांगितलं तेव्हा मागे ट्रकचा आवाज होता. तो ओरडूनच बोलत होता. "घाल की! पण असा सरळ घेत नायत. इकडं पोराची मुलाखत घेतात, आईबापाची पन घेतात. आमच्या सुपरवायझरच्या पोराला काय काय पाठ करून घेतला होता! तू तिला बोलायला शिकव. निदान नाव तरी."

"बोलायला आला असता तर तिकडं कशाला घातली असती?"

"अगो, हुशार पोर कुठली बी शाळा घेते. तू यमुनाबाईला इचार, मंग बघू."

यमुनाबाई बाजारपेठेच्या मागच्या आळीत राहायची. आगोटीची गिऱ्हाइकं सुरू झाली होती. पावसाळ्याच्या बेगमीसाठी बायका सुकट, बोंबील मापून घेत होत्या. यमुनाबाईने दीपालीला पाट दिला, चहा दिला, आणि हात न थांबवता सांगायला सुरुवात केली. कानाच्या तपासणीचे कागद घे. पोरीचा दाखला घे. घरातला एक बाप्या माणूस संगती असू दे, म्हणजे आपल्या तोंडाला कोरड पडली तर तो बोलतो. तिथे रडू नकोस. पहिल्या महिन्यात पोर सुकते, मग भरते. सोडून निघालीस की फाटकातून मागे बघू नकोस.

"पन घेतील ना हो, काकी?"

"माझ्या नितेशला घेतला ना? तो तर तवा दातांनी चावायचा."

तेवढ्यात नितेश जेवायला आला. पंचविशीचा, उंच, केसांत लाकडाचा भुसा. फर्निचरच्या कारखान्यात होता. त्याने दीपालीला हात जोडले, पाय धुतले, पानावर बसला. यमुनाबाईने भात वाढला. त्याने हात आडवा धरला, पुरे. तिने तरी थोडा वाढला. त्याने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि फोन काढून तांब्याला टेकवून उभा केला.

फोनमध्ये दुसरा एक पोरगा होता. दोघांचे हात सुरू झाले. दीपालीने इतक्या वेगाने हलणारे हात भातलावणीतसुद्धा बघितले नव्हते. नितेशची बोटं हवेत काहीतरी बांधत होती, मोडत होती, मध्येच भाताचा घास घेत होती. एकदा त्याने एका जाड माणसाची नक्कल केली, गाल फुगवले, आणि पलीकडचा पोरगा पडद्यातून खाली पडेपर्यंत हसला. नितेशही हसला. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

यमुनाबाई सुपातली सुकट तशीच धरून बघत राहिली होती. तिच्या तोंडावरही हसू होतं, पण ते त्याचं बघून आलेलं.

"काय सांगतंत हो, काकी?"

"काय जाणे." तिने सूप हलवलं. "मालकाची नक्कल असंल. का नसंल."

"तुमच्याशी बोलतो ना?"

"बोलतो तर. जेवान, पानी, जातो, येतो, ताप आलाय." जरा थांबून ती म्हणाली, "गेला तवा माझ्या खुना घेऊन गेला होता गो. सुट्टीत आला तो निराळ्याच घेऊन आला. शनवारी बोलवायचे तिकडं, आयांना शिकायला. सगळ्या जायच्या. आनि हितला बाजार शनवारचा."

दारात गिऱ्हाईक आलं. यमुनाबाई माप घेऊन उठली. नितेशचे हात चालूच होते.

एसटीत बसल्यावर दीपालीच्या डोळ्यांपुढून ते सूप हलेना. शनिवारचं बोलणं तिच्या कानावरून गेलं होतं, आत शिरलं नव्हतं. आत शिरलं होतं ते एवढंच, की हातांनी बोलणारं पोर हातचं जातं. पोर तिकडे पाठवायचीच, पण तिला तोंडाने थोडं तरी बोलता यायला हवं. म्हणजे शाळाही घेईल आणि पोरगी आपलीही राहील. सागर सांगत होता तेच खरं.

दुसऱ्या दिवसापासून तिने सुरुवात केली. सकाळी गळलेल्या पानांचा पातेरा गोळा करून झाला की काजूखाली ती सानवीला समोर बसवी, तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवी आणि म्हणे, "सा." मग पोरीच्या गळ्यावर आपला हात. "सा-न-वी." पोरीच्या तोंडून वारा येई. मग घोगरा आवाज येई. बरा आला की भाजलेल्या काजूचा तुकडा. सानवीला काजूपेक्षा आईच्या गळ्याची थरथर आवडे. ती खुदकन हसून दुसऱ्या हाताने विचारी, आत काय आहे? बेडूक?

त्या हातावर दीपाली चापट मारी. पहिल्यांदा हळू. मग लागेल अशी.

"हात नाय. तोंडानं."

सानवीला शब्द कळले नाहीत, चापट कळली. आठ-पंधरा दिवसांत तिचे हात कमी झाले. भूक लागली की चुलीपाशी येऊन उभी राहायची. पोटावर हात फिरवायची ती थांबली. गाय व्यायली तेव्हा ती धावत आली, हात वर झाले, अर्ध्यावर थांबले, आणि मग तिने आईचा पदर धरून तिला गोठ्यात ओढत नेलं. रावजी आपली दोन बोटं ओठांवर नेऊन तिला हसवायला बघत. ती आधी आईकडे बघे.

"पोर मुकी केलीस गो," रावजी एकदा म्हणाले.

"मुकीच हाय ती, मामानू."

"आदी नव्हती."

थाळी दीपालीने फळीवर पालथी घातली. सानवीला बोलवायचं असलं की ती स्वतः उतार उतरून जाई आणि तिच्या खांद्याला हात लावी. पोरगी दचके. वैशाखाचं ऊन कातळावर नुसतं वाया जात होतं. कधी दुपारी बागेत उभं राहिलं की खालच्या गडग्यावर पाय सोडून बसलेली सानवी दिसे, पाठमोरी, एवढीशी. दीपालीचा हात आपोआप कमरेशी जाई, जिथे थाळी धरलेली असायची. मग ती हात पदराला पुसून परत बोंडवांकडे वळे. शाळेत घातल्यावर तर खांद्याला हात लावायलाही ती नसणार होती. तरी एकदा जागा मिळू दे, असं ती रोज देवाला म्हणत होती.

पाठवलेले कागद बघून शाळेने जूनमध्ये बोलावलं. पाऊस लागला होता, भाताचा तरवा वर आला होता. सागरची रजा शिमग्याला संपली होती, म्हणून रावजी निघाले. धुतलेलं धोतर, टोपी, छत्री. दीपालीने डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी घेतली, आणि जागा मिळालीच तर म्हणून पोरीचे कपडे एका पिशवीत भरले. सानवीच्या दोन वेण्या घट्ट बांधल्या.

एसटी हातखंब्याच्या पुढे गेल्यावर सानवीने आपणहून सुरू केलं. आईच्या गळ्यावर हात ठेवून मोठ्याने, "आ... आ-ई!" 'सानवी' म्हणायला गेलं की तिच्या तोंडून तेवढंच येई. पुढच्या बाकावरची माणसं वळली. कॉलेजची दोन पोरं एकमेकांकडे बघून फिसकन हसली.

"पोरगी गानी बोलते काय, बाबा?" कंडक्टर म्हणाला.

"तुमी तिकीट फाडा," रावजी म्हणाले.

दीपालीने सानवीचं तोंड बंद केलं नाही, पण तिचा हात आपल्या गळ्यावरून काढला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. खिडकीची काच वर होत नव्हती आणि पावसाचं पाणी तिच्या मांडीवर येत होतं, तेवढंच बरं वाटत होतं.

शाळेतल्या बाई तरुण होत्या. मृणाली मॅडम. टेबलामागे न बसता त्या सानवीसमोर बाकाच्या उंचीला खाली बसल्या. सानवी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली होती. खिडकीबाहेर मुलींच्या वसतिगृहाची पायरी दिसत होती.

"मॅडम, तिला नाव सांगता येता," दीपाली म्हणाली आणि पोरीच्या गळ्याला बोट लावलं. सानवीने सगळा जोर लावला. "आ-ई!"

मॅडमनी मान डोलवली. "छान." मग त्यांनी हातांनी काहीतरी विचारलं. सावकाश, सोपं. सानवी त्यांच्या हातांकडे बघत राहिली. तिचे खांदे हलले, पण हात मांड्यांखालीच राहिले.

"घरी तुम्ही एकमेकींशी कशा बोलता? खुणा करता?"

"नाय मॅडम. आजिबात नाय. तोंडानंच."

रावजींनी सुनेकडे बघितलं. मग छत्रीच्या मुठीकडे.

"अजिबात नाही?" मॅडम उठून खुर्चीवर बसल्या. "म्हणजे हिला भूक लागली, भीती वाटली, काही दिसलं, तर ती तुम्हाला काहीच सांगत नाही?"

दीपालीच्या तोंडाला कोरड पडली.

"ताई, मी स्पष्ट बोलते. आवाज काढता येणं इथे आम्ही बघत नाही. घरी कुणीतरी तिच्याशी बोललंय का, ते बघतो. या वयापर्यंत ज्या मुलांकडे काहीच नसतं, त्यांना वर्गात बसवणं फार जड जातं. एकच जागा राहिलीय, आणि आणखी दोन मुलं येऊन गेलीत. मला विचार करावा लागेल."

बाहेर पागोळ्यांचा आवाज येत होता. रावजी खाकरले. पण बोलायचं त्यांना सुचलं नाही, आणि दीपालीच्या मनात आलं, बाप्या माणूस आणूनही काय उपयोग.

तिने पिशवीतून डबा काढला. मॅडमना वाटलं, बाई आता पोरीला खायला घालणार. दीपालीने झाकण काढलं, पदराने पुसलं आणि खिडकीशी जाऊन तिरकं धरलं. आभाळ भरलेलं होतं. झाकणाने पुसटसा, ताकासारखा उजेड भिंतीवर टाकला. तो तिने भिंतीवरून खाली आणला, बाकावरून सरकवला, आणि सानवीच्या छातीवर नेऊन थांबवला.

सानवीने मान वर केली. आईकडे बघितलं. बघतच राहिली. हे खरं आहे का, ते तिला कळत नव्हतं.

दीपालीने झाकण खाली ठेवलं आणि दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवून पिळल्या. बोंडू. मग एक बोट दातांखाली धरून तोंड कडू केलं. चीक लागला. ही त्यांची जुनी गंमत होती.

सानवीचे हात मांड्यांखालून निघाले.

आधी तिने बोंडू पिळला. मग ओठांवर दोन बोटं नेली आणि रावजींकडे दाखवलं. रावजींनी घाईघाईने आपली दोन बोटं ओठांवर नेली, जणू हजेरी देत होते. मग गाय आली, गायीचं वासरू आलं, त्याचे लटपटणारे चार पाय तिने बोटांनी टेबलावर चालवले आणि पाडले. मग एसटी हलली, पाऊस आत आला, कंडक्टरने पोट पुढे काढून तिकीट फाडलं. मॅडम हसल्या. त्या मध्येच तिची खूण तिच्याचसारखी करून बघत होत्या आणि सानवी त्यांची बोटं धरून नीट करून देत होती. दीपालीला आठवेना, ही पोरगी एवढं बोलायची ती कधी थांबली.

शेवटी सानवीने एक हात पुढे केला, दुसऱ्याने त्यावर चापट मारली. परत मारली. मग आईकडे बोट दाखवलं.

मॅडम दीपालीकडे वळल्या. त्यांना समजलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "हे काय सांगतेय?"

"मी मारायची, ता सांगते," दीपाली म्हणाली. "हात केले की. मला वाटला, हात केले की जाईल माझ्याकडनं."

रावजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जागा दिली हिला, आजपासूनच राहू दे," मॅडम म्हणाल्या. "पण जाणार ती आहेच, ताई. इथे ती रोज नवं शिकेल, दिवाळीपर्यंत तुमच्या पुढे जाईल. शनिवारी दुपारी आयांना शिकवतो आम्ही. या."

हातचं सूप थांबवून बघत राहिलेली यमुनाबाई दीपालीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"लावणी हाय, मॅडम. आनि लांब..."

"लावणी उरकून या. पण या."

"येन," दीपाली म्हणाली. मग, ऐकू गेलं नसेल म्हणून, "येनार मी."

रावजी परतीच्या एसटीची चौकशी करायला पुढे गेले. दीपाली कपड्यांची पिशवी देऊन वसतिगृहाच्या पायरीशी उभी राहिली. पाच-सहा मुली सानवीभोवती जमल्या होत्या. कुणी तिची वेणी बघत होतं, कुणी फ्रॉकची बटणं. एका मोठ्या मुलीने तिच्या हनुवटीला हात लावून तिला आपल्याकडे वळवलं आणि दीपालीकडे बोट करून भुवया उडवल्या. ही कोण?

सानवीने तळहात गालाजवळ नेला आणि मनगटातून दोनदा हलवला.

मोठ्या मुलीने तसंच केलं. तिच्या शेजारचीने केलं. मग सगळ्यांनीच केलं, एकमेकींना दाखवत, नवीन मुलीची आई कशी म्हणायची ते पाठ करत. पागोळ्यांच्या मागे पाच-सहा तळहात एकदम चमकल्यासारखे हलले. मग मोठीने सानवीचा हात धरला आणि त्या आत गेल्या. सानवीने मागे बघितलं नाही. यमुनाबाईने आईला सांगितलेलं लेकीनेच पाळलं. दीपाली मात्र फाटकातून बघत राहिली, पायरी रिकामी होऊनही.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. गाय हंबरत होती. रावजींनी चूळ भरली, पडवीत बसले आणि बिडी न पेटवताच हातात धरून राहिले. दीपालीने डबा घासला, झाकण घासलं आणि फळीवरची पालथी थाळी सुलटी केली.

"मी यस्टी बगाया गेलो," रावजी अंधारणाऱ्या उताराकडे बघत म्हणाले. "जाताना काय बोलली गो?"

दीपाली दारात आली. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तळहात गालाजवळ नेला, हलवला.

रावजींनी बिडी खाली ठेवली. नांगराच्या मुठीने घट्टे पडलेला आपला जाड पंजा गालाशी नेला आणि माशी हाकलावी तसा झाडला.

"असा?"

"तसा नाय, मामानू," दीपाली त्यांच्यासमोर बसली आणि त्यांचा हात धरला. "मनगटातनं."